रोज काय लिहू? मेडिकलच्या काउंटरमागून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी सिन्नरला वडिलांचं मेडिकल बघतो. ऑनलाइन लिहायला नुकतीच सुरुवात केलीये. तीन लेख झाले, एक पावसावर, एक आईवर, एक गोंदेश्वर मंदिरावर. आता काही सुचतच नाही. सकाळी शटर उघडायचं, रात्री बंद करायचं, माझ्या आयुष्यात घडतं तरी काय? जे लोक रोज लिहितात त्यांना रोज प्रेरणा मिळते कुठून?"

तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. तुझे तिन्ही लेख वाचले आणि मगच लिहायला बसले, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

रोज लिहिणाऱ्याला रोज सुचत नसतं रे. मी बँकेत काउंटरला होते, नोकरी करता करताच लिहायला लागले, रिटायर झाल्यावरही लिहितेय, आणि नेमाने लिहिणारी जी माणसं मला माहितीयेत त्यातलं कुणीच सकाळी उठून 'आज काय सुचतंय बरं' करत बसत नाही. त्यांच्याकडे आधीच टिपून ठेवलेलं काहीतरी पडलेलं असतं, त्यातलं एक उचलायचं आणि त्याच्या मागे लागायचं, बस. तुझ्याकडे तसं काहीच पडलेलं नाही कारण दिवसभर जे डोळ्यासमोर होतं ते लिहिण्यासारखं आहे असं तू धरतच नाहीस. तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरमागे उभा असलेला माणूस मला विचारतो की माझ्या आयुष्यात घडतं काय, हे वाचून मला खरंच राहवलं नाही म्हणून एवढं लिहितेय.

आधी तुझ्या लेखांबद्दल. पावसावरच्या लेखात मातीचा वास होता, भजी होती, खिडकी होती. आईवरच्या लेखात माया होती, कष्ट होते, पण ती आई कुणाचीही असू शकते आणि तुझी आई तर कुणाचीही नाहीये ना, ती काय बोलते, डबा भरताना काय पुटपुटते, मेडिकलची उधारी कुणाची आहे हे तिला कसं काय तोंडपाठ असतं, त्यातलं काहीच आलं नाही. गोंदेश्वरच्या लेखात यादवकालीन, हेमाडपंती, पंचायतन, मधे महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, सगळी माहिती बरोबर आहे, पण ती सिन्नरला कधी पाय न ठेवलेला माणूससुद्धा घरबसल्या लिहू शकतो. आणि मग शेवटाकडे तू सहज लिहून गेलायस की दुपारी दुकान बंद असतं तेव्हा कधीकधी डबा घेऊन तू तिथे जातोस, मागच्या बाजूला सावली असते, आणि तिथे एक मुलगा भिंतीला पाठ टेकून एमपीएससीची पुस्तकं वाचत बसलेला असतो, तुम्ही आजवर एकमेकांशी धड बोललेला नाहीत पण तू भाकरी खायला डबा उघडलास की तो पुस्तक मिटतो आणि पाण्याची बाटली तुझ्याकडे सरकवतो. मी तिथे थांबले. परत वाचलं. सगळा लेख त्या चार ओळींत होता! तो मुलगा कुठून येतो, घरी अभ्यासाला जागा नाही का, गावात अभ्यासिका आहे का आणि असेल तर तिची फी किती, देवळाच्या सावलीत अभ्यास करणारी अजून किती मुलं असतील, आठ-नऊशे वर्षांच्या दगडाला पाठ लावून चालू घडामोडी पाठ करायच्या म्हणजे कसं वाटत असेल. हे सगळं फक्त तूच लिहू शकतोस कारण तिथे भाकरी खायला तूच बसतोस.

आता काउंटरवर ये.

मी गिऱ्हाईक म्हणून मेडिकलमध्ये पाच मिनिटं उभी राहिले तरी मला केवढं दिसतं. कुणी येऊन म्हणतं, "ती गुलाबी गोळी द्या, परवा नेली होती तसली." कुणी मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतं, तो हललेला असतो, मग काउंटरवरची दोन माणसं डोकं एकत्र करून ते अक्षर लावतात. एक मुलगी बराच वेळ बाजूला उभी असते, सगळे गेल्यावर पुढे होते, मग सॅनिटरी पॅडचं पाकीट आधी कागदात आणि मग काळ्या पिशवीत गुंडाळून तिच्या हातात येतं. ती काळी पिशवी! बिस्किटाचा पुडा कुणी काळ्या पिशवीत घालून देत नाही. ही पद्धत तुमच्या दुकानात कुणी पाडली, वडिलांनी की त्यांच्याही आधीच्या माणसांनी, कुणी कधी 'नको पिशवी, असंच द्या' म्हणालंय का, म्हणालं असेल तर ती बाई किती वयाची होती, हे तू मला सांग, मी आत्ता वाचायला बसते.

तर पहिलं काम टिपण्याचं. आणि टिपायचं कसं ते नीट सांगते कारण बहुतेकांचं इथेच चुकतं, आपल्याला काय वाटलं ते लोक लिहून ठेवतात. "आज एक आजी आल्या, खूप वाईट वाटलं, गरिबी किती वाईट." ह्या ओळीचं आठ दिवसांनी काहीही होत नाही कारण तेव्हा ते वाईट वाटणं उडून गेलेलं असतं आणि हातात फक्त 'गरिबी' उरते. त्याऐवजी असं टिप: "आजी. रुमालाची गाठ सोडून रिकामी स्ट्रिप काढली. 'ह्यातल्या चारच दे, बाकीच्या शनिवारी.' बोटांची टोकं पिवळट. स्ट्रिप कापताना माझ्या कात्रीकडे बघत होत्या, म्हणाल्या माझी कात्री ह्यापेक्षा चांगली चालते." एवढंच. वाटणंबिटणं काही नाही. माणूस कसा दिसला, हातात काय होतं आणि तोंडातून शब्द कोणते आले, शब्द अगदी जसेच्या तसे, ते शुद्ध करायचे नाहीत. महिन्याभराने हे उघडलंस तरी ती आजी जशीच्या तशी समोर उभी राहील आणि तेव्हा जे वाटेल ते लेखात उतरेल. आणि सिन्नरला असून तुला वेगळं सांगायला नको की ती पिवळी बोटं आणि ती कात्री कशाची, मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कापून विड्या वळणाऱ्या बायकांच्या गावात तुझं दुकान आहे, हजार विड्यांमागे मजुरी मिळते त्यांना, आणि त्यांचा खोकला तुझ्या काउंटरवर येतो.

टिपायचं कुठे तर जिथे हात पटकन जाईल तिथे. मी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर लिहायचे, तू बिलबुकाच्या शेवटच्या पानावर लिही नाहीतर व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज टाक. फोनच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोललं तरी बऱ्यापैकी टाइप होतं, दुकान बंद करून घरी चालत जाताना दिवसातलं एक काहीतरी बोलून टाकायचं, फक्त त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी माणूस आठवतो पण त्याचे शब्द गेलेले असतात, आणि खरी किंमत शब्दांचीच आहे.

पण नुसती टिपणं जमवून लेख होत नाही हेही सांगते, नाहीतर तुझ्याकडे शंभर टिपणं होतील आणि तरी तू मला परत हेच विचारशील. टिपण झालं की त्याला एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर तुला आत्ता माहीत नाही, किंवा तुला माहितीये पण वाचणाऱ्याला अजिबात माहीत नाही, आणि मग ते उत्तर शोधून आणायचं. माझा एक अनुभव सांगते. दर नोव्हेंबरमध्ये बँकेत पेन्शनरांची रांग लागते, हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे ह्याचा कागद. २०१४ पासून हे आधारशी जोडून बोटाच्या ठशावरही होऊ लागलं. एका वर्षी एक आजोबा मशीनवर अंगठा ठेवतायत, मशीन लाल दिवा दाखवतंय, ते परत धोतराला अंगठा पुसतायत, परत ठेवतायत, आणि मागे वळून रांगेला म्हणाले, "अजून जिवंत व्हायचोय, थांबा जरा." रांग हसली, तेही हसले. मी ते स्लिपच्या पाठीवर लिहिलं आणि घरी आल्यावर प्रश्न पडला की ठसा उमटत का नाही. विचारत गेले. वयाने कातडी कोरडी पडते, बोटावरच्या रेघांचा उठाव कमी होतो, आणि ज्यांनी जन्मभर हाताने काम केलंय त्यांच्या तर रेघाच झिजलेल्या असतात. मग मी पुढचे काही दिवस रांगेत हातच बघत होते. शाळेतून रिटायर झालेले गुरुजी असतील तर ठसा बहुतेक पटकन लागायचा, आणि शिपाई, रोड गँगवाले, धुणंभांडी केलेल्या बायका, ह्यांचा अंगठा मशीन घेता घेत नव्हतं. ज्यांनी हात सगळ्यात जास्त वापरले त्यांनाच आपण जिवंत आहोत हे हाताने सिद्ध करता येईना. तो लेख मला 'सुचला' नव्हता बघ. एक वाक्य टिपलं होतं आणि एक साधा प्रश्न विचारला होता.

तुझ्या दुकानात असे प्रश्न फडताळात रचून ठेवलेत. स्ट्रिप कापताना तू कुठल्या टोकाने कापतोस? बऱ्याच स्ट्रिपवर एक्सपायरीची तारीख एकाच टोकाला असते, मग अर्धी स्ट्रिप नेणाऱ्याच्या घरी गेलेल्या तुकड्यावर तारीखच नसते, तो तुकडा डब्यात पडून राहतो आणि वर्षाने कुणीतरी तो उचलून विचारतं ही कशाची गोळी. हे तुला रोजचं आहे, मला मेडिकलवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन आमचा औषधांचा डबा उपडा केला! अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ का असते, ही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही हे अक्षर न वाचता कळावं म्हणून २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने मोहीम काढली होती, पण गिऱ्हाइकांना ती रेघ माहिती आहे का, तू चार जणांना विचारून बघ आणि त्यांची उत्तरं लिही. काही औषधांसाठी २०१४ पासून वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपायचं, शेड्यूल एचवन म्हणता ना तुम्ही, तर ते रजिस्टर भरणाऱ्या माणसाचा एक दिवस कसा जातो हे मी आजवर कुठे वाचलेलं नाही. आणि इन्सुलिन! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं, गोठलं तर वाया गेलं, तुझ्या दुकानात फ्रीज आहे, लाइट गेली की तू काय करतोस? आणि जे लांबच्या वस्तीवरून येतात, ज्यांच्याकडे फ्रीजच नाही, ते नेतात कशात आणि ठेवतात कुठे? फ्रीज नसलेल्यांना डॉक्टर मातीच्या मडक्याचा उपाय सांगतात, ओल्या मातीचा गारवा पुरतो काही प्रमाणात. उन्हाळ्यात त्या मडक्याची काळजी घरात कोण घेतं हे एकाला विचार. एक पूर्ण लेख आहे हा, आणि तो वाचून कदाचित कुणाचं औषधही नीट राहील.

तुला वाटेल हे फारच धंद्याचं झालं, साहित्य कुठाय ह्यात. अरे, आपल्याकडे हीच तर रीत आहे. सावता महाराज मळ्यात काम करायचे, त्यांच्या अभंगात भाजीपाला आला. गोरोबाकाका कुंभार, नरहरी महाराज सोनार, सेना महाराज न्हावी, प्रत्येकाने विठ्ठलाशी बोलायला आपापल्या कामातले शब्द घेतले, माती घेतली, आरसा घेतला, मूस घेतली, वेगळं काही उसनं आणलं नाही. आणि जात्यावरच्या ओव्या बघ. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्या अभ्यासकांनी पुण्यात बसून, खरं तर गावोगाव हिंडून आणि स्थानिक कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या पारी ह्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. एक लाख! आणि विषय काय, तर भाऊ भेटायला आला, लेक सासरी निघाली, पंढरीची वाट, सासूचं बोलणं, दळण सरत नाही. त्या बायकांना पहाटे जात्यावर बसायला कुणी विषय दिला नव्हता, दळण मात्र रोज होतं. तू संध्याकाळी कधी वेळ मिळाला तर चार ओव्या ऐक, वाचू नको, ऐक, आणि बघ एका ओवीत किती कमी सांगितलंय आणि तरी सगळं कळतं. मी अडले की हेच करते.

आता वर्षाचा हिशोब. नवीन लिहिणारे एक चूक हमखास करतात, सणाच्या दिवशी सणावर लिहायला बसतात, त्या दिवशी सगळेच तेच लिहीत असतात आणि सगळ्यांचं सारखंच होतं. तू तुझं पंचांग वेगळं काढ. घरात कालनिर्णय असेलच, १९७३ पासून मराठी स्वयंपाकघरांच्या भिंतीवर आहे ते, आणि त्याच्या चौकोनांत बायका दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, मोलकरणीची सुट्टी असं लिहून ठेवतात, माझ्या सासूबाईंची जुनी कॅलेंडरं मी टाकून दिलेली नाहीत कारण त्यात एका घराचं वर्षच्या वर्ष सापडतं. तसंच एक कॅलेंडर दुकानात लाव. पावसाची नक्षत्रं त्यात दिलेली असतात, जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतं, मग आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस, असं करत हस्तापर्यंत, एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्या त्या नक्षत्रासमोर लिहित जा की ह्या पंधरवड्यात दुकानातून काय जास्त गेलं. मृगात काय खपतं? पहिल्या पावसाचा सर्दी-ताप की गढूळ पाण्याचे जुलाब? आणि तुमच्या तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस रुसलेलाच असतो, तिकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाची औषधं आणि पश्चिमेकडून येणाऱ्याची ह्यात फरक आहे का? आश्विनातल्या उन्हात काय, लगीनसराईत काय, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत पोरं काय मागायला येतात? मेडिकलवाल्याने ठेवलेलं असं पावसाचं कॅलेंडर मी तरी कधी पाहिलेलं नाही. एक वर्ष ठेवलंस तर पुढच्या वर्षी महिन्याला एक लेख तुझ्या हातात आपोआप असेल आणि तो दुसरा कुणीच लिहू शकणार नाही.

आणि हो, निवृत्तीनाथांची पालखी! त्र्यंबकेश्वरहून ज्येष्ठात निघते आणि सिन्नरवरूनच पुढे जाते. पालखीवर दरवर्षी टाळ-मृदंग, भगव्या पताका, भक्तीचा महापूर असं सगळं लिहून येतं आणि ते खरंही आहे. पण तुझ्या दुकानाशी थांबणारा वारकरी काय घेतो? पायाच्या फोडांवर काय लावतो, पट्टी मागतो की आधी घरचाच काहीतरी उपाय करून आलेला असतो, बीपीच्या गोळ्या पंढरपूरपर्यंत पुरतील एवढ्या बांधून आणल्यात की वाटेत संपल्यात, आणि पैसे घेतोस का तू त्यांच्याकडून? वडील काय करायचे? शिर्डीला चालत जाणारी मुंबईची पोरंही तुमच्याच रस्त्याने जातात, त्यांचे बूट महागाचे आणि वारकऱ्याची चप्पल साधी, मग फोड कुणाला जास्त येतात? मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

दुकानाबाहेरचंही थोडं सांगते, घरातलं, कारण रविवारी दुकान अर्धा दिवस असेल तेव्हाही हात चालू राहिला पाहिजे. स्वयंपाकघरात जा आणि भांड्यांवरची नावं वाच. जुन्या भांड्यांवर छिन्नीने ठिपके ठिपके पाडून घातलेली असतात, नंतरच्यांवर मशीनने. 'अमक्यांजकडून सप्रेम भेट', खाली तारीख. आमच्याकडे एक पातेलं आहे त्यावर माझ्या आतेसासूबाईंचं माहेरचं नाव आहे, सासरचं नाही, आणि ते का म्हणून विचारल्यावर जी गोष्ट बाहेर आली ती त्या घरात तोवर कुणी मोठ्याने बोललेलं नव्हतं, आतेसासूबाईंचं एक लग्न आधी मोडलेलं होतं आणि भांडी त्या पहिल्या लग्नाला घेतलेली होती. म्हाताऱ्या माणसांना 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटलं की ती 'काय सांगायचं, गेलं कसंबसं' म्हणून गप्प बसतात. तेच एक भांडं हातात देऊन 'हे कुणी दिलं' विचार, तासभर बोलतील. तुझ्या वडिलांना आयुष्याबद्दल नको विचारू, दुकानातली सगळ्यात जुनी वस्तू कुठली ते विचार, काचेची बरणी असेल, खल असेल, जुना तराजू असेल.

आता एक गोष्ट जरा कडक सांगते. तू मेडिकलमध्ये आहेस, लोकांचं दुखणं तुझ्याकडे येतं, आणि सिन्नर काही मुंबई नाही, चार खुणा दिल्या की माणूस ओळखू येतो. कुणाला कुठली गोळी चालू आहे हे कधीच, कुठल्याही कारणाने, ओळख पटेल असं लिहायचं नाही. गाव बदल, वय बदल, बाईचा पुरुष कर, दोन माणसांचं एक कर, आणि मानसिक आजार, गर्भपात, गुप्तरोग, व्यसन ह्यातलं असेल तर एवढं करूनही लिहू नको, निदान सुरुवातीला तरी नको. बँकेत असताना मी कुणाच्या खात्यात किती हे एका ओळीनेही लिहिलं नाही, लेख कितीही चांगला झाला असता तरी. माझी कसोटी सोपी आहे, त्या माणसाच्या पुतण्याने हा लेख मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला तर त्याची मान खाली जाईल का? जाणार असेल तर तो लेख नाही. आणि जिथे शक्य आहे तिथे सरळ विचारायचं, "आजी, तुमच्या कात्रीबद्दल लिहू का," बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि वर अजून दोन गोष्टी सांगतात.

विषयांच्या तयार याद्या मिळतात, 'लिहिण्यासाठी शंभर विषय' वगैरे, एआयला विचारलंस तर तेही क्षणात पन्नास देईल, पण ते 'पहिला पाऊस', 'माझी आई', 'हरवलेलं बालपण' असंच देणार आणि ते तू ऑलरेडी लिहून बसलायस. त्यांना तुझा काउंटर दिसत नाही. कुणाला दुसऱ्यांचं बघून लिहावंसं वाटतं, मला त्यात गैर वाटत नाही, पण दुसऱ्याचा लेख वाचून 'मीही असंच' करायचं असेल तर त्याने काय लिहिलं ते घेऊ नको, तो कुठे उभा राहून बघत होता ते बघ.

किती लिहायचं, तर सुरुवातीला लहान. तीनशे-चारशे शब्द पुरे, एका माणसाचं एक येणं-जाणं, त्यात एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. रोज पोस्ट करायचीही गरज नाही, टिपायचं रोज आणि लिहायचं आठवड्यातून एकदा, माझ्या मते नोकरी-धंदा करणाऱ्याला हेच झेपतं, रोजचा हट्ट धरणारे मी बरेच पाहिलेत, महिन्या-दोन महिन्यांत दमतात आणि मग लिहिणंच सोडतात, फार वाईट वाटतं. लिहून झालं की एकदा मोठ्याने वाच, जिथे तुझी जीभ अडेल तिथे ते वाक्य तुझं नाही, कुठल्यातरी पेपरातून आलंय, ते तू दुकानात बोलतोस तसं करून टाक. भाषा सिन्नरची आली तर येऊ दे, उलट यायलाच पाहिजे.

कोरडे दिवस येतील, म्हणजे दोन-चार दिवस काहीच टिपलं गेलं नाही असं होईल. तेव्हा एखादं काम कसं करतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढ, सजवायचं नाही. सकाळी शटर उघडल्यापासून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत काय काय होतं? कुलूप आधी डाव्या बाजूचं की उजव्या, उदबत्ती कुणाच्या फोटोला, फ्रीजचा काटा बघतोस का, कालच्या पार्सलमधलं काय आधी लावतोस, ब्रेकेजचा खोका कुठे असतो, घाऊकवाल्याचा फोन किती वाजता येतो. मी 'शटर उघडायचं' हे दोन शब्द तुझ्या प्रश्नात वाचले आणि मला त्यातलं काहीच दिसलं नाही, कारण मी काउंटरच्या ह्या बाजूला असते, मी येते तेव्हा दुकान उघडलेलंच असतं.

तर ह्या आठवड्यात एवढंच कर. त्या एमपीएससीवाल्या मुलाशी बोल, बाटली सरकवेल तेव्हा नाव विचार आणि कुठल्या गावचा ते विचार, आणि त्याची हरकत नसेल तर ते लिहून इथे टाक. आणि वडिलांना काळ्या पिशवीचं विचारायला विसरू नको.